१३,००० शब्दांत प्रेम पटतं का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका काही वर्षांपासून कथा लिहितात. अलीकडे त्यांनी १३,००० शब्दांची एक प्रेमकथा पूर्ण केली. जुन्या हस्तलिखितांची डागडुजी करणारे दोघं एकेकाळी एकत्र होते. दोघांनी मिळून केलेल्या कामाच्या अहवालावर त्याने फक्त स्वतःचं नाव घातलं आणि ती निघून गेली. सात वर्षांनी एकाच हस्तलिखिताचं काम दोघांवर येऊन पडतं, तिथे कथा सुरू होते. एका मासिकाच्या संपादकांनी ‘५,००० शब्दांवर आणा, मग पाहू’ असं कळवलं. लेखनगटातल्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘शेवट घाईत झालाय, ही कादंबरीच आहे, फुलव.’ त्यांनी फुलवायला घेतली. नायिकेची बहीण आली, नायकाला परदेशातली नोकरी आली, एक प्रतिस्पर्धी आला. कथा २४,००० शब्दांवर गेली आणि त्यांना स्वतःलाच नकोशी झाली. त्या विचारतात: नॉव्हेलेट हा प्रकार प्रेमकथेत खरोखर आहे, की अर्धवट राहिलेल्या कादंबरीला दिलेलं ते गोंडस नाव आहे? एवढ्याशा जागेत प्रेम पटण्याजोगं उभं राहतं का? आणि आता कुठली प्रत पुढे न्यावी?

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलं आहे: ‘एकदा लांबी पक्की झाली की बाकीचं जमवता येईल.’ मला वाटतं, सगळा घोळ तिथे आहे. संपादकांनी एक आकडा सांगितला, मैत्रिणींनी दुसरा सुचवला, आणि तुम्ही कथा उचलून त्या आकड्यांत बसवायला निघालात. या दोघांमध्ये नेमकं काय अडलंय आणि ते सुटायला किती प्रसंग लागतील, हे मात्र कुणी विचारलंच नाही. त्याकडे येऊच. आधी तुमचा पहिला प्रश्न.

नॉव्हेलेट, म्हणजे दीर्घकथा, हा प्रकार आहे. त्याला मोजमापही आहे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचे ह्यूगो आणि नेब्युला हे पुरस्कार ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, ७,५०० ते १७,५०० नॉव्हेलेट, तिथून ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी अशी विभागणी करतात. या हिशेबात तुमची मूळ प्रत जवळजवळ मधोमध पडते. प्रेमकथेच्या जगाने मात्र ही पायरी कधी फारशी मनावर घेतली नाही. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचे रीटा पुरस्कार २०१९ पर्यंत दिले गेले. त्यात लघुकादंबरीचा वेगळा विभाग होता, पण त्याची किमान मर्यादा २०,००० शब्दांची. म्हणजे तुमची फुगवलेली प्रत तिथे आत गेली असती आणि बरी प्रत बाहेर राहिली असती. पुरस्काराच्या नियमावरून कथेची लायकी ठरवू नये, याला मला एवढा पुरावा पुरतो.

शिवाय हे आकडे इंग्रजी शब्दांचे आहेत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरून’ हा आपला एक शब्द सांगायला इंग्रजीला चार-पाच सुटे शब्द लागतात. त्यामुळे मराठीतले १३,००० शब्द मजकुराच्या मानाने इंग्रजीतल्या तेवढ्याच शब्दांपेक्षा जास्त भरतात. दीर्घकथेच्या सीमारेषेवर हजारभर शब्द इकडे-तिकडे झाल्याने रात्रीची झोप उडवून घेणाऱ्या सगळ्यांना हे सांगून ठेवते.

मग ‘प्रेमकथा म्हणजे जाडसर पुस्तक’ हे समीकरण आलं कुठून? बरंचसं छापखान्यातून. मिल्स अँड बून ही ब्रिटिश प्रकाशनसंस्था १९०८ मध्ये सुरू झाली, हार्लेक्विन ही कॅनडातली १९४९ मध्ये. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतली. दर महिन्याला, ठरलेल्या मालिकेत, ठरलेल्या आकाराची आणि जाडीची पुस्तकं काढायची, हा या धंद्याचा पाया. त्यातल्या काही मालिका आजही ५०,००० शब्दांच्या आसपासची कथा मागतात. एवढ्या मजकुराचं पुस्तक बांधता येतं, त्याच्या कण्यावर नाव छापता येतं, ते फळीवर उभं राहतं. १३,००० शब्दांचं राहत नाही. त्याला मासिकात जावं लागे, नाहीतर तीन-चार लेखिकांच्या एकत्र संग्रहात. थोडक्यात, ते ५०,००० शब्द प्रेमाला लागत नव्हते, बांधणीला लागत होते.

ई-पुस्तकाने तो कणाच काढून टाकला. किंडल २००७ मध्ये आलं. २०१४ मध्ये ॲमेझॉनने वर्गणी भरून हवं तेवढं वाचण्याची योजना काढली, तेव्हा वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की लेखकाला मोबदला मिळे, मग पुस्तक केवढंही असो. झालं! एकेक कथा तुकड्यातुकड्यांनी विकणं फायद्याचं ठरलं. जुलै २०१५ पासून हिशेब वाचलेल्या पानांवर गेला आणि तोच फायदा लांबलचक पुस्तकांकडे सरकला. त्या वर्षभरात माणसांच्या प्रेमात पडण्याच्या रीतीत काही बदल झाला नव्हता, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा कुणी ‘आजकाल वाचकांना अमुक लांबी हवी असते’ असं म्हणालं, की ती वाचकांची आवड आहे की मोबदल्याचा नियम, एवढं आधी विचारून घ्या.

आता तुमचा अवघड प्रश्न. एवढ्याशा जागेत प्रेम पटेल का?

यामागे एक गृहीत आहे, आणि ते बहुतेकांचं असतं: प्रेम पटवायचं म्हणजे त्याची सगळी वाढ वाचकाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. पहिली भेट, मग ओळख, मग ओढ, मग भांडण, सगळं क्रमाने. पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ घटक मांडले. दोघं ज्या समाजात वावरतात त्याचं चित्र, दोघांची भेट, त्यांच्यामधला अडसर, ओढ, प्रेमाचा उच्चार, आता सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडसर दूर करणारी उमज, आणि शेवटी एकत्र राहण्याचा निर्णय. या मांडणीतली उपयोगाची गोष्ट पुढे आहे: हे घटक असावे लागतात, पण ते याच क्रमाने यायला हवेत असं नाही, आणि प्रत्येकाला सारखी जागाही द्यावी लागत नाही. एखादा घटक कथा सुरू होण्याआधीच घडून गेलेला असतो आणि आपल्याला तो एका संवादातून कळतो.

आता तुमची मूळ प्रत या आठांसमोर ठेवून बघा. भेट सात वर्षांपूर्वी झाली आहे. ओढही तेव्हाचीच. प्रेमाचा उच्चारही एकदा होऊन गेला आहे. दोघांचं जग म्हणजे एक कामाची खोली, ते तुम्ही पहिल्या दोन पानांत उभं केलंय, आणि छान उभं केलंय. उरतात चार: अडसर, सगळं संपल्याचा क्षण, उमज आणि निर्णय. या चारांसाठी १३,००० शब्द अजिबात तुटपुंजे नाहीत. हेच दोघं कथेच्या सुरुवातीला अनोळखी असते, तर तेवढ्याच जागेत तुम्हाला आठही घटक कोंबावे लागले असते, आणि ‘यांचं जमलं कधी?’ ही तक्रार रास्त ठरली असती.

म्हणून दीर्घकथेला काही प्रकारच्या जोड्या फार मानवतात. दुरावून पुन्हा भेटलेले, वर्षानुवर्षांचे मित्र, एकाच कामावरचे प्रतिस्पर्धी, आधीच एकत्र राहणारे पण आतून तुटत चाललेले. त्यांचा भूतकाळ कथेबाहेर तयार असतो आणि लेखिकेने नेमका जखमेपाशी प्रवेश करायचा असतो. उलट दोन कुळांचं वैर, वर्षानुवर्षांचा प्रवास, दर टप्प्यावर नवं संकट असं काही मनात असेल, तर दीर्घकथेच्या वाटेला जाऊ नका. तिथे वाचकाला काळ सरल्याची जाणीव व्हावी लागते, आणि ती ‘तीन वर्षं गेली’ या वाक्याने होत नाही.

पटण्याबद्दल आणखी एक. पानं वाढली म्हणून प्रेमावर विश्वास बसतो, असा माझा वाचक म्हणून अनुभव नाही. समोरच्यासाठी कुणीतरी स्वतःला अवघड जाणारी गोष्ट करतं, आणि ती किती अवघड आहे हे मला आधीच ठाऊक असतं, तेव्हा विश्वास बसतो. तुमच्या नायकाला आपलं नाव प्यारं आहे, हे तुम्ही फार नेमकं दाखवलंय: काम झाल्यावर कागदाच्या कडेला तो स्वतःची आद्याक्षरं पेन्सिलीने लिहितो आणि मग खोडतो. त्या एका सवयीतून मला तो कळला. बहिणीबरोबरच्या त्याच्या लांबलचक संभाषणातून काहीच नवं कळलं नाही.

पण तुमच्या मैत्रिणी म्हणतात ती घाई मलाही जाणवली, आणि ती कुठे आहे तेही सांगते. शेवटून दुसऱ्या प्रसंगात तो म्हणतो, ‘नाव मुद्दाम गाळलं होतं.’ आणि जेमतेम अर्ध्या पानात ती त्याला माफ करते. सात वर्षांचा राग अर्ध्या पानात! अख्खी कथा ज्या क्षणासाठी रचली तो क्षण तुम्ही उरकून टाकलात. कदाचित तिथवर येईपर्यंत शब्दसंख्येची धास्ती बसली असेल. मैत्रिणींना कमतरता बरोबर जाणवली, फक्त ती भरायची कुठे हे चुकलं. त्यांचं ऐकून तुम्ही भर घातलीत ती मध्यावर. घाई शेवटाला आहे, तिथे ती २४,००० शब्दांच्या प्रतीतही जशीच्या तशी आहे. फक्त तिथवर पोचायला आता दुप्पट वेळ लागतो.

त्या प्रसंगाला हजार-दीड हजार शब्द द्या. तिला लगेच माफ करू देऊ नका. तिला खोलीबाहेर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी कामावर येऊन काहीच न बोलता काम करू द्या. कबुलीनंतर त्यालाही काहीतरी करावं लागू दे, नुसतं बोलून भागू नये. चालू कामाचा अहवाल अजून लिहायचाच आहे, हे तुमच्या हातात आहे. तो प्रसंग काय असेल हे मी सांगणार नाही, तुम्हीच शोधायला हवा. पण तिच्या नावाला पहिलं स्थान देऊन मोकळं होणं हे सोपं उत्तर झालं, एवढं म्हणते.

आता २४,०००च्या प्रतीचं काय? एक कसोटी सांगते, लांबीच्या पेचात सापडलेल्या कुणालाही वापरता येईल. नवं पात्र किंवा उपकथानक मनातल्या मनात काढून टाका आणि विचारा, दोघांपैकी कुणाचा तरी एखादा निर्णय बदलतो का? बहीण काढली तर नायिका तेच करते. प्रतिस्पर्धी काढला तर नायकाला थोडा कमी मत्सर वाटतो, बस्स. दोघांनाही निरोप द्या. परदेशातली नोकरी जरा वेगळी आहे. आत्ता ती पाहुणीसारखी येते आणि दोन प्रकरणांनी निघून जाते. पण तीच संधी नायकाऐवजी नायिकेला आली, आणि ती आली त्या जुन्या अहवालामुळेच, ज्यावर तिचं नाव असायला हवं होतं, तर मात्र दुसरा, खराखुरा अडसर उभा राहतो. मग निर्णय एकदा होऊन मोडावा लागतो, पुन्हा व्हावा लागतो, आणि तेव्हा लघुकादंबरीची लांबी आपोआप येते. तसं लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा. मात्र सध्याच्या प्रतीत ठिगळं न लावता पहिल्या पानापासून नवीन लिहा.

संपादकांची ५,००० शब्दांची सूचनाही अशीच पारखून घ्या. तुमच्या कथेतलं दर तिसरं वाक्य राहिलं आणि बाकी गेलं, तर लघुकथा होत नाही, गोषवारा होतो. पाच हजारांत सांगायचं तर फक्त एक रात्र घ्यावी लागेल: काम संपल्याची, अहवालावर सही करण्याआधीची. भूतकाळ जेमतेम सूचित, शेवट कदाचित सहीच्या अलीकडेच. चांगली कथा होईल, पण ती दुसरी असेल.

तुम्ही न विचारलेला एक पर्याय आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. त्या बहिणीला तिची स्वतःची दीर्घकथा द्या. प्रेमकथेच्या वाचकांना आधीच्या गोष्टीतलं कोपऱ्यातलं पात्र पुढच्या गोष्टीत मध्यभागी आलेलं फार भावतं. तीच कामाची खोली, तीच माणसं, दर वेळी नवी जोडी. अशा तीन-चार झाल्या की एका पुस्तकाचा ऐवज होतो आणि प्रत्येक कथा सुटीही वाचता येते. एक पथ्य मात्र पाळायला हवं. एकच प्रेमकथा तोडून तिचे भाग करू नका, निदान वाचकाला आधी सांगितल्याशिवाय तरी नको. प्रेमकथेची जी व्याख्या या क्षेत्रात सर्वमान्य आहे, तिच्यात दोनच अटी आहेत: मध्यवर्ती कथा प्रेमाची असावी आणि शेवट मन भरेल असा, आशा देणारा असावा. वाचक त्या भरवशावर पुस्तक उघडतात. मधेच ‘पुढील भागात’ आलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

शेवटाबद्दल बोलतेच आहे तर, फुगवलेल्या प्रतीतला तो उपसंहार काढा. पाच वर्षांनंतरचं लग्न, घर, मूल, सगळं. दीर्घकथेत काही आठवड्यांचा काळ जगून झाल्यावर एकदम जन्मभराची हमी दिली की ती उसनी वाटते. या दोघांचं सध्या जमलंय आणि पुढेही जमेल अशी खात्री वाटावी, एवढ्यावर थांबलेलं चालतं. आशा हवी ही अट त्यात पूर्ण होते.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी झटपट सांगते, इतरांनाही कामी येतील. एक प्रसंग साधारण १,२०० ते १,५०० शब्द खातो, म्हणजे तुमच्या हातात नऊ-दहा प्रसंग आहेत. त्यांची यादी एका कागदावर करा, आणि ज्या प्रसंगाच्या शेवटी दोघांमधलं अंतर वाढलेलं किंवा कमी झालेलं नाही तो दुसऱ्या प्रसंगात मिसळा. दोघांच्याही नजरेतून सांगायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाचच प्रसंग येतात. तुमच्या कथेत तिची एकटीची नजर पुरेल असं मला वाटतं, कारण त्याच्या मनात काय आहे हे न कळणं हाच तिचा त्रास आहे. नाव दिलेली पात्रं चार-पाचांवर जाऊ देऊ नका. भूतकाळ सलग सांगू नका. आताच्या प्रसंगात जेव्हा तो टोचतो तेव्हाच तेवढा तुकडा येऊ द्या.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये, अर्ध्या तासापासून एक-दोन तासांत वाचून होणाऱ्या कथेची बाजू घेतली होती. एका बैठकीत वाचली जाते तेव्हा बाहेरचं जग मध्ये घुसत नाही आणि लेखकाला हवा तो परिणाम अखंड राहतो, असं त्यांचं म्हणणं. प्रेमकथा त्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. पण एका बैठकीचा हा हिशेब दीर्घकथेला चपखल बसतो, आणि रुसवा-फुगव्याची गोष्ट वाचताना मध्ये चार दिवस गेले तर राग कशाचा होता हेच विसरायला होतं.

तेव्हा मूळ प्रत घ्या, तो एक प्रसंग नीट लिहा, १४,५०० शब्दांपर्यंत गेलात तर जाऊ द्या. पाठवताना ‘प्रेमकथा, दीर्घकथा, एवढे शब्द’ असं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे ज्यांच्याकडे जागा नाही ते लगेच तसं कळवतील आणि तुमचे महिने वाचतील. आधीच्या संपादकांना ही कथा पुन्हा पाठवू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यांनी कथेला नावं ठेवली नाहीत, त्यांच्याकडे तेवढी पानं नव्हती. त्यांना सहीच्या रात्रीची ती दुसरी कथा पाठवा, लिहून झाली की. आणि २४,०००ची प्रत पुसू नका. बहिणीच्या तोंडी तुम्ही घातलेले दोन-तीन संवाद फक्कड आहेत, ते तिच्या गोष्टीला लागतील.